भंगारातून आलेला अल्बम

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. करीला कोणी शुभ काम काढत नाही. जालन्यातल्या आमच्या मस्तगडात त्या दिवशी कोणी नवीन दुकान उघडत नाही, कोणी मुलगी बघायला जात नाही, आणि माझी आई बसंतीबाई तर घरात नवा झाडूसुद्धा येऊ देत नाही. म्हणूनच आम्ही तो दिवस निवडला होता. दर करीला दुपारी, माझ्या पाइप-फिटिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर, आम्ही चार माणसं एक इंग्रजी अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचो आणि मग त्यावरून भांडायचो. इतका उदास अल्बम चांगल्या दिवशी कशाला लावायचा, असा आमचा हिशेब होता.

अल्बमचं नाव 'हाफ डे थर्सडे'. बँडचं नाव 'द ब्राऊन पार्सल्स'. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातला बँड. तिकडे तो फार गाजला म्हणे, अजून लोक त्याच्यावर लिहितात. जालन्यात मात्र तो भंगारातून आला. हे मी थट्टेनं सांगत नाही. आमच्याकडे सळयांचे कारखाने आहेत, त्यांना वितळवायला परदेशातून भंगार येतं, आणि तशाच एका चेपलेल्या मोटारीच्या टेपमध्ये ही कॅसेट अडकलेली होती. कव्हर नाही, फोटो नाही, नुसती नाव छापलेली कॅसेट. पुंजाराम नावाच्या क्रेनवाल्यानं ती उकरून काढली आणि आणून दिली रामप्रसादला, कारण त्या काळी कॅसेट म्हटलं की अख्ख्या जालन्याला रामप्रसादच आठवायचा.

रामप्रसादचं कॅसेट सेंटर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मूळचा तो पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याचा पोरगा. शेतीत मन रमलं नाही म्हणून जालन्यात आला, दोन मशीन मांडली आणि लोकांना गाणी भरून द्यायला लागला. लग्नात वाजवायच्या गाण्यांपासून राजूरच्या गणपतीच्या आरत्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे मिळायचं. पण त्याचं नाव झालं ते या इंग्रजी अल्बममुळे. त्या दोन-तीन वर्षांत कॉलेजातल्या पोरांनी त्याच्याकडून या अल्बमच्या इतक्या कॅसेटी भरून नेल्या, की जालन्यातली एक पिढी त्याच्यावर मोठी झाली म्हणायला हरकत नाही. खरी कॅसेट पुढे मशीनमध्ये गुंतून तुटली. उरली ती रामप्रसादनं भरलेली कॅसेट, आणि तिच्यावरून भरलेल्या बाकी सगळ्या.

आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं आणि काचा मिळतात. कव्हरं घ्यायला येणाऱ्या पोराटोरांना काउंटरमागचा हा टकला माणूस कोण आहे हे ठाऊक नाही. वर्षातून एकदा, करीच्या दिवशी, आपलं जुनं मशीन खांद्यावर घेऊन तो रस्ता ओलांडून माझ्याकडे येतो तेव्हा पुन्हा रामप्रसाद होतो. एरवी त्याच्याकडे मिरवायला दुसरं काही नाही, आणि मिरवायची त्याला सवयही नाही.

आमचा रिवाज असा, की ज्याला अल्बम सगळ्यात कमी आवडतो त्यानं आधी बोलायचं. त्यामुळे पहिला मान नेहमी दैवशालाचा. ती रामप्रसादची धाकटी बहीण, कॉलेजात इंग्रजीची प्राध्यापक, आणि जिभेनं अशी तिखट की वर्गातली पोरं हजेरीला श्वास रोखून बसतात. तिचं मत कधी बदललं नाही. "हा माणूस गात नाही, कण्हतो," ती म्हणायची. "ह्याच्यात दुःख नाहीये जिनेंद्रभाऊ, नुसता आळस आहे. बारावीला मी जालन्यात आले तेव्हा दादानं रोज संध्याकाळी हेच ऐकवून मला छळलंय. जगातला सगळ्यात रडका अल्बम माझ्याच नशिबी यायचा होता!"

यावर रामकिसन उसळायचा. रामकिसन आमचा जुना दोस्त, जालन्याबाहेर त्याची मोसंबीची बाग आहे. त्याच्या मते गाणारा पन्नाशीचा विधुर. चौथ्या गाण्यात तो बायकोच्या माहेरच्या गावी जातो आणि वेशीवरूनच परत फिरतो. "बाप वारला तवा मी हेच गाणं ऐकत बांधावर बसल्तो," तो सांगायचा. "त्या माणसाला समदं कळतंय. मॅडमला कागदावरचं इंग्रजी येतं, पर माणूस वळखता येत न्हाई."

माझं मत दुकानदाराचं. अल्बमला नाव देणाऱ्या गाण्यात मला एक म्हातारा दिसायचा. गुरुवारी अर्ध्या दिवसानं शटर खाली ओढणारा. समोर मोठं दुकान आलंय, गिऱ्हाईक तिकडे चाललंय, अर्धा दिवस गेला तसं अर्धं आयुष्य गेलं. या म्हाताऱ्यावर मी दरवर्षी नवीन काहीतरी बोलायचो आणि बोलता बोलता डोळे पुसायचो. बायको म्हणायची, धंदा चांगला चाललाय, तरी ह्यांना काय होतंय कळत नाही.

शेवटी रामप्रसादची पाळी. त्याचं मत अठ्ठावीस वर्षं एकच. "ऐकायला बरा आहे." एवढं बोलून तो मशीनची वायर गुंडाळायला लागायचा. आम्ही कितीही खोदलं तरी याच्यापुढे एक शब्द नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाइल आल्यावर तरी तुम्ही तो अल्बम त्यावर ऐकला असेल. ऐकला होता. रामकिसननं पुतण्याच्या फोनवर एक गाणं ऐकलं आणि तापून मला फोन केला. "शेठ, ह्या पोरांनी गाण्याची पार वाट लावून टाकली. रीलसाठी समदीच गाणी पळवून राह्यले आजकाल. आपल्या म्हाताऱ्याला पार उंदरासारखा चिरकायला लावलं!" मग रामप्रसादच्या दुकानात ते गाणं ऐकून आम्ही तिघांनी त्या पोरांना शिव्या घातल्या आणि ठरवून टाकलं, की आपल्याला फोनवर ऐकायचंच नाही. खरा अल्बम आपल्याकडे आहे. रामप्रसाद तेव्हा तिथेच काउंटरमागे उभा होता. तो नुसता एक काच पुसत राहिला, पण तो असाही फार बोलत नाही.

यंदा माझी मुलगी एकता पुण्याहून येताना पाहुणा घेऊन आली. निहार त्याचं नाव. गाण्यांवर बोलायचा त्याचा कार्यक्रम इंटरनेटवर हजारो लोक ऐकतात. एकतानं त्याला भंगारातल्या कॅसेटची गोष्ट सांगितली आणि तो वेडाच झाला. म्हणाला, मला ते काका हवेत, त्यांचं मशीन हवं, तुमची भांडणं हवीत, सगळं रेकॉर्ड करतो.

मी रामप्रसादला हे सांगायला गेलो तेव्हा तो काच बसवत होता. हातातलं काम तसंच ठेवून तो उठला. मला वाटलं खूश होईल, पण त्याचा चेहरा पडला.

"पुण्याचा माणूस कशाला?" तो म्हणाला. "आपलं आपण ऐकतो ते बराबर आहे."

"अरे, तुझं नाव होईल! तू कॅसेट आणली नसतीस तर ह्या गावात कोणी ऐकलं असतं का हे?"

"म्या कुठं आणली? पुंजारामनं आणली."

मी ऐकतोय थोडाच. मी आपला गावभर सांगत सुटलो, रामप्रसादवर कार्यक्रम होणार म्हणून. नंदाबाई, म्हणजे त्याची बायको, तिनंच त्याला नवा शर्ट आणला, कपाटातली साडी काढून तीही यायला तयार झाली. इतक्या वर्षांत ती कधी माळ्यावर आली नव्हती. जिना चढताना ती मला म्हणाली, "भाऊ, ह्यांच्यावर कोणी दोन शब्द बोलतंय म्हणून आले. मला बघायचंय." त्या क्षणी मला एकच काळजी होती, की आज रामप्रसादची शान राहिली पाहिजे. पाहुणा शहरी आहे, चुकूनही त्यानं आमच्या माणसाला हिणवता कामा नये.

रामकिसननं हुरडा आणला होता. तिळगूळ वाटून झाले. निहारनं मध्ये एक छोटा माईक ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाला, "काका, लावा."

रामप्रसादनं कॅसेट घातली, बटण दाबलं. तो माईकपासून जितकं लांब बसता येईल तितका लांब जाऊन भिंतीला टेकला.

पहिलं गाणं सुरू झालं. मी डोळे मिटले. गिटार जड पावलांनी आली, मग ढोल, मग तो थकलेला, जाडसर आवाज. माझा म्हातारा. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात कोणीतरी फिसकन हसलं. डोळे उघडून बघतो तर निहार. त्यानं तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. एकतानं त्याला कोपर मारलं. त्यानं हातानंच माफी मागितली, गंभीर व्हायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा फुटला.

माझं डोकं फिरलं. "काय झालं हो? आमच्यात ऐकताना हसत नाहीत."

"सॉरी, काका, सॉरी. पण हे... मशीन हळू चाललंय का?"

"बिलकुल न्हाई," रामकिसन म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं असंच वाजतंय."

"असंच?" निहारचं हसू एकदम थांबलं. त्याचे डोळे मोठे झाले. "अठ्ठावीस वर्षं तुम्ही हे असं ऐकताय?"

त्यानं खिशातून फोन काढला. मी नको म्हणायच्या आत त्यानं तेच गाणं लावलं. रामकिसननं ज्याला शिव्या घातल्या होत्या तेच. उड्या मारणारं, धापा टाकणारं, चिरकं.

"हे तर पळवलेलं हाय!" रामकिसन ओरडला. "रीलवाल्या पोरांचं!"

"नाही हो. हा मूळ अल्बम आहे. बँडनंच टाकलेला. हे बघा, तेव्हाचा व्हिडिओ." त्यानं फोन आमच्यापुढे धरला.

मी बघितलं आणि अंगावर काटाच आला. चार पोरं. एकोणीस-वीस वर्षांची, ओठांवर मिशीही धड नाही. एका किराणा दुकानाच्या काउंटरवर चढून नाचत होती, एकमेकांच्या अंगावर बिस्किटांची पुडकी फेकत होती. त्यातला सगळ्यात किरकोळ, कान बाहेर आलेला पोरगा गात होता. तो माझा म्हातारा. तो रामकिसनचा विधुर. शटर अर्धं खाली येत होतं खरं, पण पोरं त्याच्याखालून वाकून रस्त्यावर पळत होती, कारण सुट्टी झाली होती. गुरुवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी. त्या गाण्यात दुसरं काहीही नव्हतं.

"तिकडे हा लोक पार्टीत लावतात," निहार म्हणाला. "उन्हाळ्याचा अल्बम म्हणतात याला. सगळ्यात आनंदी अल्बमांच्या यादीत असतो."

रामकिसन हुरड्याच्या पातेल्यात हात घालून तसाच बसून राहिला. "आन् चौथं गाणं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक. "तो बायकोच्या गावाला जातो ते?"

निहारनं चौथं लावलं. "मैत्रिणीच्या गावाला जातो. बस चुकते. मग मित्राची सायकल पळवतो. विनोदी गाणं आहे."

"म्या बापाच्या तेराव्याला ऐकलं ते," रामकिसन म्हणाला.

मला काय वाटत होतं ते कसं सांगू? कोणीतरी घरात येऊन सांगावं, की ज्याला तुम्ही बाप म्हणत होता तो तुमचा बाप नाही, असं वाटत होतं. मी त्या म्हाताऱ्यासाठी रडलो होतो. गिऱ्हाइकांना त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आणि तो नव्हताच. करीच्या दिवशी, अशुभ दिवस बघून, आम्ही दरवर्षी पोरांच्या सुट्टीचं गाणं तोंड पाडून ऐकत होतो. आणि अख्खं जालनं! त्या कॅसेटी घेऊन गेलेली पोरं आता कुठे कुठे साहेब झालीत, त्यांनीही हाच हळू अल्बम उराशी धरला असणार.

"हे भारी आहे!" निहार अर्धा उठून उभा राहिला. त्याच्यात वाईटपणा नव्हता, खरंच नव्हता, पण तरुण माणसाला आनंद झाला की दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही. "एका अख्ख्या शहरानं चुकीचा अल्बम ऐकला! काका," तो रामप्रसादकडे वळला, माईक उचलून त्याच्या तोंडाशी नेला, "तुम्हाला कधीच कळलं नाही? तुम्ही तर खरी कॅसेट ऐकली होती ना? मग भरताना लक्षात नाही आलं?"

रामप्रसादनं माईककडे बघितलं. नव्या शर्टची कॉलर त्याला टोचत असावी, त्यानं बोट घालून ती सैल केली. "मशीन खराब होतं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही तसंच वाटत राहिलात?"

"हो. कळलं न्हाई."

मला ते बघवेना. माझ्या दुकानातल्या रेडिओच्या आवाजातला जरा घोळ ज्याला रस्त्यापलीकडून ऐकू यायचा, लग्नाच्या बँडमधली एक पिपाणी बेसूर झाली तर जो दुकानातून बाहेर येऊन बघायचा, तो माणूस म्हणत होता, कळलं नाही. मला त्याच क्षणी शंका यायला हवी होती. पण मी इतका हादरलेलो होतो, की मलाही त्याचा रागच आला. अठ्ठावीस वर्षं, अरे!

दैवशाला मात्र हसत सुटली होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघा!" ती म्हणाली. "मी सांगत होते ना, यात काहीतरी गडबड आहे? कण्हतोय म्हणत होते ना? तुम्ही सगळे मला दगड म्हणायचात." तिनं माईक स्वतःकडे ओढला आणि वर्गातला आवाज लावला. "मी इंग्रजी शिकवते. भाषेचा कान असेल तर पहिल्या ओळीला कळतं, की कोणीही माणूस असं बोलत नाही. मला पहिल्या दिवसापासून हा अल्बम खोटा वाटत होता. आमच्या दादाचं काय आहे, तो साधा माणूस. मशीन जे देईल ते खरं. त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानं भरलं आणि वाटलं. सगळ्या जालन्याला रडवलंस की रे, दादा!"

निहार हसला. एकतालाही हसू आवरलं नाही. रामप्रसादसुद्धा हसला, म्हणजे ओठ ताणले. "व्हय," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"न्हाई चुकलं."

सगळे वळले. नंदाबाई. दाराशी, चपलांजवळ बसलेली. तिचा पदर दोन्ही मुठींत आवळलेला होता.

"नंदा," रामप्रसाद म्हणाला, "तू गप बस."

"लई गप बसले. ह्यांच्यावर दोन शब्द चांगले बोलतील म्हणून म्या आल्ते इथं. हे ऐकायला न्हाई आले." ती दैवशालाकडे वळली. "ताई, मशीन खराब नव्हतं. एकदम नवं होतं. लग्नात माझ्या बापानं दिल्तं ते."

"वहिनी, अहो मी गंमत..."

"तुमची बारावी सांगू का?"

दैवशालाचं हसू उतरलं. तिनं माईककडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला घाबरलेलं पाहिलं.

"नंदा!" रामप्रसाद उठूनच उभा राहिला. इतका मोठा आवाज त्यानं कधी केलेला मला आठवत नाही.

एकता शहाणी निघाली. तिनं हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं आणि माईक उचलून आपल्या मांडीखाली ठेवला.

"बारावीला ताई दोनदा नापास झाल्त्या," नंदाबाई म्हणाली. "इंग्रजीत. गावाकडं. इथं कोणाला म्हाईत न्हाई, ह्यांनी कळूच दिलं न्हाई. मामंजींनी सांगून टाकल्तं, आता तिसऱ्यांदा नापास झाली का भोकरदनचा पोरगा बघून ठेवलाय, उडवून देऊ बार. ह्यांनी भांडून इथं आणलं, दुकानामागच्या खोलीत. तवा माझं नवं नवं लग्न झाल्तं. शिकवणीला घालायला काही नव्हतं. हे म्हणले, इंग्रजी कानावर पडलंच न्हाई पोरीच्या, तिला येणार कशी? म्हणून ती कॅसेट लावली. ताईला एक अक्षर कळंना. शब्दावर शब्द चढून पळायचे. कान दाबून रडायच्या. आठवतंय का तुम्हाला?"

दैवशालानं हळूच मान हलवली.

"तुम्ही झोपल्यावर ह्यांनी मशीन खोललं. नवंकोरं. मला वाटलं हे येडे झाले. पेचकस घेतला आन् मोटरीचा पेच फिरवला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ऐकवलं. परत खोललं, परत फिरवलं. रोज इतकुसा, का तुम्हाला वाटावं, आपलाच कान बसला. गाण्याकडं ह्यांचं ध्यानच नव्हतं. गाणं लावायचे आन् तुमचं तोंड बघत बसायचे. एक दिवस तुम्ही एक शब्द ओळखला, मोठ्यानं बोलल्या. तिथं ह्यांनी पेच सोडला. त्याच चालीवर समदी कॅसेट भरून घेतली आन् पेच परत जागेवर आणला. मंग खरी कॅसेट तुटली, आन् लोक आले, आम्हाला पण द्या म्हणून. तवा काय सांगायचं होतं ह्यांनी? हळू का केली ते? तुमची बारावी समद्यांना कळली असती."

मशीनमधली पट्टी अजून फिरत होती आणि तो जाडसर आवाज आपला गातच होता. मी रामप्रसादकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून मशीनची वायर सोडवत होता, जणू तीच गुंतली होती. अठ्ठावीस वर्षं आम्ही या माणसाला आमची मतं ऐकवली होती. तो विधुर, तो म्हातारा, तो आळस. सगळं त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं होतं. फोनवरचं खरं गाणं ऐकून आम्ही शिव्या घालत होतो तेव्हाही तो समोरच उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. मला लाजही वाटली आणि त्याचा भयंकर अभिमानही वाटला, आणि दोन्हीचं काय करावं कळेना.

निहार म्हणाला, "काका, मला माफ करा."

"दादा," दैवशाला म्हणाली. वर्गातला आवाज गेला होता. "खरंय हे?"

"जाऊ दे ना आता."

"मला काऊन सांगितलं न्हाईस?"

रामप्रसादनं वायर खाली ठेवली. त्याला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तू पास झालीस," तो म्हणाला. "मंग काय सांगायचं राह्यलं?"

मला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. चिडली. "म्या दरवर्षी इथं बसून त्याला रडका म्हणते! दरवर्षी! तुझ्या तोंडावर! आन् तू ऐकून घेतोस? एकदा तरी म्हणायचं, बये, तुझ्यासाठी रडका केलाय!"

"तुला आवडत न्हाई तर न्हाई," रामप्रसाद म्हणाला. "त्याच्यात काय एवढं? तुझं मत हाय ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात लांब करून मशीनचं बटण दाबलं. आवाज थांबला. "निहार," ती म्हणाली, "तुमच्या फोनवर लावा. खरं जे आहे ते. शेवटचं गाणं."

निहारनं एकताकडे बघितलं, एकतानं मान हलवली. त्यानं लावलं.

ती चार पोरं पुन्हा सुटली. गिटार धडधडत आली, कान बाहेर आलेला तो पोरगा ओरडायला लागला, आणि दैवशाला त्याच्याबरोबर शब्द म्हणू लागली. सूर नव्हता, नुसते शब्द. स्वच्छ, एकेक वेगळा, कॉलेजात शिकवताना म्हणते तसे. ज्या अल्बमला ती रडका म्हणायची त्यातला एकही शब्द ती विसरली नव्हती. आमच्यापैकी कोणाला कधी न कळलेल्या ओळी ती सहज म्हणत होती, आणि त्या ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की त्या गाण्यात उद्या पुन्हा कामाला जायचंय, पण आज नाही, एवढंच आहे.

पण तिचा वेग जुळत नव्हता. पहिल्या ओळीला ती थोडी मागे पडली, दुसरीला आणखी. पोरं पुढे निघून गेली, ती तिच्याच चालीनं येत राहिली. तिच्या लक्षात आलं होतं, मला दिसत होतं. तिनं एकदा शब्द पळवून बघितले, अडखळली, आणि पुन्हा आपल्या जुन्या चालीवर आली. निहारनं फोनकडे हात नेला, बहुधा थांबवायला, पण रामकिसननं त्याचं मनगट धरलं.

गाणं संपलं. पोरांचा शेवटचा आरडाओरडा झाला आणि फोन गप्प झाला. दैवशालाचं कडवं अजून बाकी होतं. ती म्हणत राहिली, सावकाश, भावाकडे बघत, एकही शब्द न गाळता. शेवटचा शब्द म्हणून झाल्यावरच ती रडली.